चौदा नंबरचा धोटा

मी धोटा आहे. जुना आहे, पण माझ्यासमोरच्या पाटीवर लिहिले आहे तितका जुना नाही.

मित्रांनो, तुम्ही सुरतेला आलात तर तुम्हाला आधी तापीकाठचा किल्ला दाखवतील. मग इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटवाल्या कबरी दाखवतील. त्यानंतर गाडी उधन्याला वळेल आणि पत्र्याच्या एका लांबलचक शेडपाशी थांबेल. ते आमचे दालन. सुरतेच्या कापडाचा वारसा इथे मांडला आहे. इथून बाहेर पडले की लोक लोचो खायला जातात. दालनासाठी साधारण चाळीस मिनिटे मिळतात आणि माझ्यासाठी दीड मिनिट.

दाराजवळून तिसरी काचेची पेटी माझी. पाटीवर चार ओळी आहेत, गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत. मराठीत सांगायचे तर त्या अशा : 'हातमागाचा धोटा. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा. सुरतेच्या जरीकामासाठी वापर. देणगी : धनसुखशेठ यांचे कुटुंब.'

या चार ओळींत एकच गोष्ट खरी आहे. मी धोटा आहे.

माझा जन्म २००४ सालचा. ही पाटी ज्या मुलीच्या देखरेखीखाली आहे ती हर्षदा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मी हातमागाचा नाही, यंत्रमागाचा आहे. दाबून घट्ट केलेल्या लाकडाचा माझा देह, दोन्ही टोकांना पोलादी चोची, पोटात पोकळी आणि कुशीला एक बारीक भोक. त्या भोकाला डोळा म्हणतात. पोकळीत सुताची कांडी बसवायची, तिचे टोक डोळ्यातून बाहेर काढायचे आणि मला मागावर सोडायचे. उभ्या सुतांच्या मधून मी इकडून तिकडे धावतो आणि माझ्यामागे आडवे सूत पसरत जाते. मिनिटाला दीडशे फेऱ्या. एवढे माझे काम.

मी ज्या शेडमध्ये आज पडून आहे, त्याच शेडमध्ये कामाला लागलो. तेव्हा तिला दालन म्हणत नसत, खाते म्हणत. यंत्रमागाला सांचा म्हणत. धनसुखशेठच्या खात्यात अठ्ठेचाळीस सांचे होते. मी चौदा नंबरच्या सांच्यावर आलो आणि धुडकूच्या हाती पडलो.

धुडकू लोटू हा खानदेशातल्या शिंदखेड्याकडचा माणूस. १९८३ साली तो उधना स्टेशनात उतरला आणि पहिल्या आठवड्यातच सांच्यावर उभा राहिला. मी आलो तेव्हा त्याला एकवीस वर्षे झाली होती. आठ सांचे तो एकटा सांभाळत असे, पण चौदा नंबरवर त्याचा जीव होता. धोटा दोन वर्षांत झिजतो. मी सात वर्षे टिकलो, कारण दर आठवड्याला धुडकू मला पॉलिश पेपरने घासून तेल पाजत असे. चोच सैल झाली तर फिटरची वाट न पाहता स्वतः बसवत असे.

आम्ही जरी कधीच विणली नाही. आम्ही अस्तर विणले. ब्लाउजच्या आत लावतात ते. सुरतेची जरी सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे कापड ज्यांच्या अंगावर होते त्यांनीही ते कधी नीट पाहिले नसेल.

आता एक गोष्ट सांगतो. ती पाटीवर नाही आणि पर्यटकांना वाटायच्या पुस्तिकेतही नाही. डोळा इतका बारीक असतो की त्यातून सूत काढायला वेळ लागतो. शेठने प्रत्येक कारागिराला त्यासाठी लोखंडी आकडा दिला होता. आकड्याने काढायला दहा सेकंद लागतात. आठ सांच्यांपैकी कुठला ना कुठला सांचा सतत थांबलेला असतो, तेव्हा दहा सेकंद कोणाजवळ नसतात. म्हणून खात्यात सगळे एकच करत. धोटा तोंडाला लावायचा, ओठ डोळ्यावर टेकवायचे आणि आत श्वास ओढायचा. सुई करून बारीक शिट्टीसारखा आवाज होतो आणि सूत ओठांवर येते. एका सेकंदाचे काम.

धुडकूची शिट्टी मी अठ्ठेचाळीस सांच्यांच्या खडखडाटातही ओळखत असे. त्याने चहा प्यायला आहे की विडी ओढली आहे, हे मला सगळ्यांत आधी कळे. त्याच्या बायकोने, सुभद्राबाईने, डब्यात ठेचा दिला असेल तर तेही. एका पाळीत माझ्या वाट्याला सरासरी सत्तर श्वास येत. वर्षाचे तीनशे दिवस, सात वर्षे. दीड लाखाच्या आसपास होतात. डोळ्याभोवतीचे लाकूड ओठांनी झिजून तिथे अंगठ्याएवढा खळगा पडला. तो आजही आहे.

खंडेनवमीला सांचे बंद राहत. शेठ झेंडूची माळ घेऊन येत, सांच्यांवर कुंकू लावत आणि चौदा नंबरपाशी हमखास थांबत. पाहुण्यांना सांगत, याच्या कापडाचा ताका मी तपासून पाहत नाही, तसाच गाडीत भरतो. धुडकू मान खाली घालून उभा राही. मला तेव्हा वाटायचे की आमचे दिवस असेच जातील.

२०११ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या धारेवर चालणारे नवे सांचे बाजारात स्वस्त झाले. त्यांना धोटा लागत नाही. शेठने नवे खाते कडोदऱ्याला टाकले आणि जुने सांचे भंगारात दिले. भंगारवाले घण घेऊन आले. चौदा नंबर दुपारी तीनच्या सुमारास तुटला. धुडकू तिथेच उभा होता. शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटले, धुडकूभाई, आठवण म्हणून काय हवे ते घेऊन जा. धुडकूने मला उचलले. माझ्या पोटात अर्धी वापरलेली कांडी होती. ती त्याने काढली नाही.

हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. शेठने मला धुडकूला दिले. धुडकूने मला शेठकडून मागितले नव्हते, आणि शेठने मला कधी परत मागितले नव्हते.

धुडकूच्या दोन खोल्यांत सुभद्राबाईने मला देव्हाऱ्यात जागा दिली, कानबाई देवीच्या नारळाशेजारी. धुडकू पर्वत पाटियाच्या एका मार्केटमध्ये वॉचमन झाला. त्याचा मुलगा योगराज टेम्पो चालवू लागला. दर खंडेनवमीला सुभद्राबाई हळद कालवी आणि नात हर्षदा बोट बुडवून माझ्या अंगावर पाच ठिपके देई. लहान होती तेव्हा पाचाचे पंधरा होत. आजी ओरडे, एवढी हळद भाजीत टाकली असती. तेरा वर्षे ही हळद माझ्या लाकडाच्या रेषांत मुरत गेली. मी पिवळा झालो. मला त्याचे वाईट वाटत नसे. काम नसलेल्या वस्तूला कोणी तरी वर्षातून एकदा हात लावतो, हे कमी नाही.

मग हर्षदाला नोकरी लागली. धनसुखशेठ वारले होते आणि त्यांचा मुलगा केतनभाई जुन्या शेडमध्ये वारशाचे दालन उभारत होता. सुताला खळ लावायच्या खोलीत कॉफीचे दुकान झाले. भिंतींवर मोठी छायाचित्रे लागली. सांच्यांचा आवाज भोंग्यातून ऐकवायची सोय झाली. तो आवाज दुसऱ्याच कुठल्या सांच्यांचा आहे, पण ते असो. अडचण एकच होती. दालनात ठेवायला काही उरले नव्हते. सगळे तर भंगारात गेले होते. केतनभाईने नव्या नोकरांना विचारले, कोणाच्या घरी जुने काही आहे का. हर्षदा म्हणाली, आमच्याकडे धोटा आहे.

घरी तिने हे सांगितले तेव्हा सुभद्राबाईने हातातले पीठ तसेच ठेवले. तिने नवऱ्याकडे पाहून विचारले, "हर्षदाना आबा, देवमधली वस्तू भाहेर काढाले तुमनं मन व्हस तरी कसं?"

धुडकूने देव्हाऱ्याकडे पाहिले. अलीकडे त्याला एक वाक्य बोलायला दोन दम लागत, वॉचमनची नोकरीही सुटली होती. हर्षदा त्याच्याजवळ बसली. ती घरातही मराठी, गुजराती असे मिसळूनच बोलते. म्हणाली, "आबा, पाटीवर तुमचं नाव लागेल. माणसं तिकीट काढून वाचतील. तुम्ही तिथं अठ्ठावीस वर्षं उभे होते, ते कुठंच लिहिलेलं नाही."

खरे सांगायचे तर या वाक्यावर मीही भाळलो.

धुडकू म्हणाला, "नाव राहू दे. चौदा नंबर तेवढा लिखजो." मग थोडे थांबून म्हणाला, "बरं, नावबी लिख. बापनं नाव लावीसन."

तिने वहीत लिहून घेतले : धुडकू लोटू, सांचा नंबर चौदा, १९८३ ते २०११. त्याला वाचून दाखवले. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावले. सुभद्राबाईने मला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिले आणि नातीला बजावले, की खंडेनवमीला एक दिवस तरी घरी आणायचे.

दालनात वस्तू पारखायला बाहेरगावचे एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी मला पांढऱ्या हातमोज्यांनी उचलले, भिंगातून पाहिले. ओठांनी पडलेला खळगा पाहून ते म्हणाले, एवढी झीज व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागतात. मग त्यांना लाकडात मुरलेला पिवळा रंग दिसला. त्यांनी तो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. हे जरीचे कण आहेत, ते म्हणाले. सोनेरी मुलामा लाकडात उतरला आहे.

हर्षदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्या पिवळ्या रंगातला प्रत्येक ठिपका तिच्या बोटाचा होता. तिने तोंड उघडले. केतनभाई आनंदाने टाळी वाजवून म्हणाला, बस, हाच आपला मुख्य नमुना. तिने तोंड मिटले.

मी वाट पाहिली. मला वाटले, ती आणि केतनभाई दोघेच असताना सांगेल. आठ दिवसांनी पाटी छापून आली तेव्हा तिने खरोखर विचारले, वहीतले पान हातात धरून. केतनभाई वाईट माणूस नाही. त्याने ते पान वाचले. मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बेटा, लोग सुरत में जरी देखने आते हैं, अस्तर नहीं." तुझ्या आजोबांचे नाव आपण पुढच्या पुस्तिकेत घेऊ, असेही म्हणाला. ती बरे म्हणाली. पान घडी करून तिने मोबाइलच्या कव्हरात ठेवले. तिला दालनात लागून तीन आठवडे झाले होते. घरात टेम्पोखेरीज दुसरी मिळकत तिचीच होती. हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही मला फसल्यासारखे वाटले, आणि आजही वाटते.

दालन सुरू झाले. हर्षदा दिवसाला सहा-सात गटांना माझी माहिती सांगू लागली. पहिल्या दिवशी सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. पंधराव्या दिवशी पाहू लागली. ते मला जास्त लागले.

धुडकू आणि सुभद्राबाई एका रविवारी आले. हर्षदाने त्यांना गर्दी ओसरल्यावर या, आज नको, उद्या या, असे करून महिनाभर टाळले होते. शेवटी ते न सांगताच आले. सुभद्राबाईने लग्नाकार्यात नेसायचे लुगडे नेसले होते. धुडकूने पांढरी टोपी घातली होती. दारात त्याने चप्पल काढली. रखवालदाराने सांगितले, काका, इथे चप्पल चालते. तो अनवाणीच आत आला. शेडची जमीन त्याला पायांनी ओळखायची असावी. जिथे चौदा नंबर होता तिथे आता बाकडे आहे. तो तिथे थांबला, पण बसला नाही.

त्याच वेळी एका शाळेची मुले माझ्या पेटीभोवती होती आणि हर्षदा त्यांना हिंदीत सांगत होती. दीडशे वर्षे. हातमाग. जरी. आजोबा-आजींना तिने पाहिले तेव्हा ती 'जरी' या शब्दावर होती. वाक्य तिने पूर्ण केले.

धुडकू गर्दीच्या मागून पाटी वाचू लागला. मार्केटचे फलक वाचता येतील इतके गुजराती त्याला येते. त्याचे ओठ हलत होते. चौथ्या ओळीवर ते थांबले. त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. नाव आपल्याच नजरेतून सुटले असेल, असे त्याला वाटले असावे.

एका मुलीने विचारले, या एवढ्याशा भोकातून दोरा बाहेर कसा काढायचे. हर्षदाने पुस्तिकेतले उत्तर दिले, बारीक आकड्याने.

तेव्हा सुभद्राबाई पुढे आली. तिने काचेवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "हाई जरी नई. हळद शे. दरसाल मी सोता कालवेल शे."

अहिराणी तिथे तिघांनाच येत होती. चौथा मी. मुलांच्या बाईंनी हसून हर्षदाला विचारले, "माजी क्या कह रही हैं?"

मित्रांनो, मी आयुष्यात घणांचा आवाज ऐकला आहे. त्या वेळी दालनात जी शांतता होती ती मला त्याहून कठीण गेली. ती फार तर दोन सेकंद असेल.

हर्षदा म्हणाली, "कह रही हैं, बहुत सुंदर है."

सुभद्राबाईला एवढी हिंदी नक्कीच कळते. तिने बोट काचेवरून काढले आणि पदराला पुसले. मघाची मुलगी मात्र चौकस होती. पांढऱ्या टोपीचे म्हातारे गृहस्थ पेटीकडे एकटक पाहत आहेत, हे तिने हेरले होते. तिने सरळ धुडकूला विचारले, "दादा, आपने कभी ऐसा चलाया है?"

धुडकूने नातीकडे पाहिले. तिच्या गळ्यात दालनाचे ओळखपत्र होते आणि तिच्या मागे केतनभाई कॉफीच्या दुकानाच्या दारात उभा होता. धुडकूने ते दोन्ही पाहिले. मग तो मुलीला म्हणाला, "नहीं बेटा. इतना पुराना मैं कहाँ हूँ."

मुले हसली. धुडकूही थोडा हसला आणि त्या हसण्यातून खोकला सुरू झाला. तो थांबेना. सुभद्राबाईने त्याला बाकड्यावर बसवले, चौदा नंबरच्या जागेवर. बाईंनी मुलांना पुढच्या पेटीकडे नेले.

शेठच्या मुलाने मला वापरले, ते मी समजू शकलो. हर्षदाने माझ्याबद्दल खोटे सांगितले, तेही मी गिळले. पण धुडकूने तोंडावर सांगितले की हा माझा नाही. दीड लाख वेळा ज्याने मला ओठांना लावले, त्याने. मी काचेत पडल्या पडल्या त्याचा खोकला ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, बरे झाले.

मग मी तो खोकला नीट ऐकला. अठ्ठावीस वर्षे सांच्यावर काम केलेल्या माणसाचा तो खोकला होता. प्रत्येक श्वासाबरोबर माझ्या डोळ्यातून सूत बाहेर येत असे आणि सुतावरची खळ, सुताचा बारीक रोवा म्हणजे भुरभुरणारे तंतू आत जात असत. त्याच्या छातीत. माझ्याआधीच्या धोट्यांनी थोडा भरला, माझ्या वाट्याचा मी भरला. मला शिट्टी गोड वाटायची. तिची दुसरी बाजू मी कधी विचारात घेतली नाही. कोणी कोणाला फसवले याची मी यादी करत होतो. त्या यादीत माझे नाव घालायचे राहिले होते.

ते दोघे गेले. जाताना हर्षदा दारापर्यंत गेली. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. भोंग्यातला आवाज चालू होता.

सोमवारी दालन बंद असते. हर्षदा पेट्या पुसायला येते. त्या सोमवारी तिने माझी काच उघडली आणि फडके बाजूला ठेवले. मग तिने मला उचलले. हातमोजे घातले नव्हते. धुडकूने २०११ साली सोडलेली अर्धी कांडी माझ्या पोटात तशीच होती. तिने मला तोंडाशी धरले, ओठ त्या खळग्यावर टेकवले आणि आत श्वास ओढला. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा तिने जोर लावला. शिट्टी वाजली. चौदा वर्षांचे जुने सूत, धूळ आणि हळद एकदम तिच्या तोंडात गेली. ती खोकली, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खोकला थांबल्यावरही डोळ्यांतले पाणी थांबले नाही.

मग तिने मोबाइलच्या कव्हरातून तो घडी घातलेला कागद काढला, उलगडला, पेटीच्या मखमलीवर ठेवला आणि त्याच्यावर मला ठेवले. काच बंद केली. पाटी पुसली, पण बदलली नाही.

आता मी त्या कागदावर पडून असतो. वरून तो दिसत नाही. तिने केले ते पुरेसे नाही, हे मला कळते आणि तिलाही कळत असावे. माझ्याखाली सत्य आहे आणि माझ्यासमोर खोटी पाटी आहे, आणि रोज सहा-सात गट पाटी वाचून लोचो खायला जातात. धुडकू पुन्हा आलेला नाही. त्याच्या नावावर पडून राहण्याखेरीज माझ्या हातात दुसरे काही नाही.

मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तू पाहायला जाता तेव्हा त्या किती वर्षांच्या आहेत हे विचारता. ते जरूर विचारा. पण त्या कोणाच्या हातात होत्या, हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या पेटीकडे जाऊ नका. त्या हातांचा माणूस कदाचित तुमच्या मागेच टोपी घालून उभा असेल.

आणि उधन्याच्या दालनात आलात तर एवढे करा. तिसऱ्या पेटीपाशी एक ताई माहिती सांगत असेल. तिचे सांगून होऊ द्या. मग तिला म्हणा, ताई, धोटा जरा उचलून दाखवाल?

ती नाही म्हणेल. तुम्ही तिथेच उभे राहा.